तपासलेलं पत्र

बोरी अरब, १२ जून १९५९

सुखी,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. चार वर्षांपूर्वी तू शाळेच्या फाटकातून माझ्या पाया न पडता गेलीस. तुला आशीर्वाद द्यायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. हे पत्र तुझ्या बापाबद्दल आहे, आपल्या दोघींबद्दल नाही.

लालसिंग पुन्हा प्यायला लागला आहे.

बारा वर्षं सुखी, बारा वर्षं! शाळेच्या घंटेवर हात ठेवून, माझ्यासमोर, त्याने सेवालाल महाराजांची आण घेतली होती. त्यानंतर मोहाच्या दारूचा थेंब नाही. तांड्यात लग्नं झाली, होळ्या झाल्या, हा गडी कोरडा. बावीस वर्षं माझ्या शाळेत शिपाई होता, घंटा एक मिनिट इकडची तिकडे झाली नाही. मी निवृत्त झाले, मग तोही झाला, तरी रोज सकाळी आठाला माझ्या ओसरीवर हजर. मी वर्तमानपत्र वाचून दाखवते, तो चहा पितो, पोळी-लोणचं खातो आणि सरकारला नावं ठेवतो. आता तर दारूबंदी इकडेही लागू झाली. ज्यांना सोडायची नव्हती त्यांनी जमादाराच्या भीतीने सोडली, आणि हा आता सुरू करतो!

परवा बुधवारी साडेनवाला आला. भिंतीला धरून, उजवा पाय ओढत. मी चहा दिला. कप त्याच्या हातातून सुटला. निळ्या काठाची ती बशी तुला आठवत असेल. नागपूरची कॉन्व्हेंट शाळा सोडताना मदरनी मला दिलेल्या सहांतली शेवटची. तिचे तुकडे झाले आणि हा अर्ध्या तोंडाने हसला. अर्ध्या! एक बाजू हसते आहे, दुसरी तशीच लोंबते आहे. मी विचारलं, "लालसिंग, पिऊन आलास?"

"पेलो नाई, बाई," म्हणतो. तेसुद्धा नीट म्हणता येईना. जीभ तोंडात मावत नव्हती.

मी त्याला घरी जायला सांगितलं.

ही पहिली वेळ नव्हे. गेल्या महिन्यातही पेपर ऐकताना त्याच्या चिमटीतली तंबाखू गळून पडली आणि बोलणं जड झालं. दहा मिनिटांत ठीक झाला. "जीभ झोपली होती, बाई," म्हणून हसला. मी तेव्हा क्षमा केली. दहा मिनिटांत उतरणारी दारू कोणती, हे तूच सांग. वास म्हणशील तर आला नाही. पण हल्ली लोक काय काय मिसळतात कोण जाणे.

तू नागपूरला मोठी नर्स झाली आहेस असं ऐकते. एकदा ये आणि बापाला चार शब्द सुनाव. माझं ऐकणं त्याने सोडलेलं दिसतं.

उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल.

मैनाबाई


बोरी अरब, १९ जून १९५९

सुखी,

तुझ्या भावाने, प्रेमसिंगने, केलेली तार मिळाली असेल. तारेत मावत नाही ते मी लिहिते.

लालसिंगला अर्धांगवायु झाला आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दारव्ह्याचे डॉक्टर येऊन पाहून गेले. दारूचा यात काही संबंध नाही, असंही त्यांनी सांगितलं. ते सांगताना त्यांनी माझ्याकडेच का पाहिलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

झालं ते असं. माझ्याकडून निघाला तो मोटारस्टँडपर्यंत कसाबसा गेला आणि लिंबाखाली पडला. सकाळी दहाला पडलेला माणूस दिवे लागेपर्यंत तिथेच. दोन मोटारी आल्या, गेल्या. बाजाराला आलेल्या बाया त्याच्या पायांना वळसा घालून गेल्या. "पेलेला हाये, पडू द्या." दारूबंदी आल्यापासून पडलेल्या माणसाला कोणी हात लावत नाही, लावला की जमादार पंच म्हणून नाव लिहितो आणि मग कोर्टाच्या खेपा. संध्याकाळी जमादाराने त्याला उचलून एका खोलीत टाकलं, उतरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही उतरेना, तेव्हा प्रेमसिंगला बोलावून बैलगाडीत घालून दिला.

इतकी माणसं! एकालाही डोळे नव्हते? तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली, आणि सबंध गावात एक माणूस असं म्हणत नाही की हा आजारी आहे! मला संताप आवरत नाही.

तांड्यावर गेले तर आणखी तमाशा. खोपटाची दारं बंद, खिडकीच्या भोकात चिंध्या कोंबलेल्या, आत जूनच्या उकाड्यात लालसिंग घोंगडीत गुंडाळलेला. तांड्यातला उत्तमसिंग कबुतरं घेऊन बसलेला. त्यांचं रक्त चोळायचं म्हणे. मी दार उघडायला गेले तर नवऱ्याच्या राखणीला बसलेली तुझी याडी आडवी आली.

"नोका उघडू, बाई. वारं गेलं त्याच्या आंगावरून. अजून घुसन."

"जमनाबाई, वाऱ्याचा काही संबंध नाही. डोक्यातली रक्ताची नळी बिघडली आहे. डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"डाक्टरबी वायु म्हने, तुमी बी वायु म्हन्ता. वायु म्हंजे वारंच ना? मंग मले कायले रागावून राह्यल्या?"

तीस वर्षं मी व्याकरण शिकवलं. वायु म्हणजे वाराच.

डॉक्टर जाताना म्हणाले, ते दहा मिनिटांचं झालं तेव्हाच आणायला हवा होता. ती सूचना होती. तेव्हा रक्ताचा दाब खाली आणला असता तर कदाचित हे टळलं असतं. आता कूस बदलत राहा, पाणी चमच्याने द्या, ठसका लागू देऊ नका. एवढंच.

तुझं उत्तर नाही. माझ्यावर राग असेल तर तो ठेव, त्याला काही लागत नाही. पण बापासाठी ये.

मैनाबाई


बोरी अरब, ४ ऑगस्ट १९५९

सुखी,

तू आलीस आणि गेलीस. चार दिवस तांड्यावर राहिलीस, तांडा माझ्या घरापासून पाऊण मैल. मला हे तू गेल्यावर कळलं. मी चारही दिवस घरात होते. तार गेल्यापासून रोज चहाचं आधण दोनदा ठेवत होते, हे सांगायचं नव्हतं, लिहून गेलं.

दारं उघडवलीस, कबुतरं हाकललीस, त्याच्या पाठीला चट्टे पडू नयेत म्हणून याडीला कूस बदलायला शिकवलंस. जमनाबाईने सगळं सांगितलं. "पोरीनं बापाचं सारं केलं. नाक नाई मुरडलं." चार वर्षांपूर्वी, मास्तरकीच्या शिक्षणासाठी मी तुझं नाव लावलेलं असताना तू नर्सिंगला निघालीस, तेव्हा सबंध शाळेसमोर मी म्हटलं होतं, लोकांची भांडी उचलायला जायचं होतं तर तांड्यात काय कमी होती? जमनाबाईला ते आठवत नसावं. किंवा आठवत असावं, म्हणूनच सांगितलं.

तू माझ्यासाठी तिच्याजवळ पाकीट ठेवलंस. मी ते फोडेपर्यंत देव आठवत होते. आत तुझं नवं एक अक्षर नाही. माझंच पाठवलेलं पाकीट, आत तुझं जुनं पत्र, तारीख २ फेब्रुवारी १९५८, आणि त्यावर माझी लाल शाई.

मी तुझं पत्र तपासून परत पाठवलं होतं. हो. चार वर्षांत तू एकच पत्र लिहिलंस आणि मी ते वही तपासावी तसं तपासलं. शाळेत आमच्या सिस्टर म्हणत, लाल शाई ही दया आहे, ज्याची आशा सोडली त्याचं कोणी तपासत नाही. मी मनात म्हटलं, पोरीला कळेल. खाली शेराही मारला होता: 'अक्षर सुधारले. शुद्धलेखन नाही.'

आज ते पत्र मी वाचलं. त्या दिवशी वाचलं नव्हतं. हे ज्याने वह्या तपासल्या आहेत त्यालाच समजेल. डोळा ऱ्हस्व-दीर्घावरून धावत जातो आणि वाक्य काय म्हणतं ते हाताला लागत नाही. तुझी वाक्यं इथे उतरवून काढते. पन्नास वेळा लिहून काढायची शिक्षा मी पोरींना देत असे. मी एकदाच लिहिते, तेवढंही जड जातं.

'आदरणीय मोठ्या बाईंस, बाचे डोके दुखते ते उन्हाने नाही. मागच्या खेपेस त्याला इथे आणले तेव्हा डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून पाहिले, रक्ताचा दाब फार आहे. सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या बरे वाटले तरी बंद करू नयेत. मिठ कमी द्यावे. तंबाखू सोडवावी. तो याडीचे ऐकत नाही, माझे ऐकत नाही, तुमचे ऐकतो. याचे पुढे अर्धांगवायू होतो. तोंड एकीकडे ओढले, हातातून वस्तु पडली, बोलणे जड झाले, तर ते दहा मिनिटांत बरे झाले तरी सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. लोक म्हणतील पेला आहे. तुम्ही म्हणू नका. तुम्ही म्हटले तर सगळे मानतील.'

'मिठ' भोवती वर्तुळ आहे. मी वेलांटी दीर्घ करून दिली आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोळीवर लोणच्याची फोड वाढली, खाराच्या चमच्यासकट, कारण त्याला खार आवडतो. 'वायू' भोवतीही वर्तुळ आहे. वायु, ऱ्हस्व. बाजूला उद्गारचिन्हही आहे.

गोळ्यांचंही सांगते. तो मला म्हणाला होता, "बाई, आता डोक्सं नाई दुखून राह्यलं. गोयी खाऊ का?" मी म्हटलं, दुखत नाही तर कशाला खातोस? सांगितलेलं ऐकायची त्याला सवय होती.

उत्तर मागत नाही.

मैनाबाई


बोरी अरब, १७ जानेवारी १९६०

सुखी,

तुझ्या बापाची खबर महिन्याला एकदा कळवावी असं मी ठरवलं आहे. तू पत्रं फोडत नसशील तरी मी ती रजिस्टर करते, पोस्टमन सही घेतो, म्हणजे पोचतात.

पाय थोडा हलतो. हात नाही. आवाज परत आला आहे, पण त्यात दोनच शब्द आहेत. कोणी काही विचारो, जेवलास का, ऊन लागतं का, कोण आलंय ओळख, तो डोळे मोठे करून, सगळी ताकद लावून एकच म्हणतो, "पेलो नाई."

तुझी याडी ताबडतोब लोटीतून चमच्याने पाणी देते. "पानी नाई पेलो म्हन्तो. दिवसभर तहानच लागते त्याले." तो पाणी पितो, माझ्याकडे बघतो आणि पुन्हा म्हणतो, "पेलो नाई." ती पुन्हा पाणी देते.

मी तिला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुला सांगितल्याने माझं काही वाचणार नाही.

१२ जूनच्या पत्रात मी लिहिलं की त्याला घरी जायला सांगितलं. असं सांगितलं नव्हतं. शेजारच्या नंदाबाई ओट्यावर होत्या, रस्त्यावर चार माणसं होती. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "महाराजांची आण मोडलीस, पुन्हा तोंड दाखवू नकोस," आणि आतून कडी घातली. त्याने दार वाजवलं. डाव्या हाताने वाजवत असणार, हे आता कळतं. आवाज खालून, वेडावाकडा येत होता. तीन वेळा म्हणाला, पेलो नाई. मी आत बशीचे तुकडे वेचत होते.

हे निम्मं झालं. संध्याकाळी जमादार माझ्या दारात आला होता. भला माणूस, त्याला शंका आली होती. म्हणाला, "बाई, तोंडाले वास नाई त्याच्या. तुमच्या घरून निघाला म्हन्तात. पेलेला होता, का बिमार हाये? तुमी सांगान तसं. बिमार असन तर आताच दारव्ह्याची मोटर थांबवतो."

मोटार उभी होती सुखी. भोंगा मला घरात ऐकू येत होता.

मी म्हटलं, "पिऊनच आला होता."

१९ जूनच्या पत्रात सबंध गावाला आंधळं म्हटलं मी. गावाने विचारलं होतं. माझ्यापाशी येऊन विचारलं होतं.

आता मी गावभर सांगत फिरते. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोबडी वळली, की थांबू नका. डोकं दुखत नसलं तरी दाब तपासून घ्या, मीठ कमी खा, गोळी सोडू नका. बाजारात तेलाच्या दुकानापुढे उभी राहून सांगते. लोक हसतात. मला 'वायुबाई' म्हणतात, मी ऐकलं आहे. मागच्या बाजारी उत्तमसिंग झोकांड्या खात आला, शब्द तोंडातून बाहेर पडेना. मी आरडाओरडा करून त्याला गाडीत घातला आणि स्वतः बरोबर बसून दारव्ह्याला नेला. सगळी वाट तो म्हणत होता, "बाई, सोडा मले, मी पेलो हाये! खरंच पेलो हाये!" मी म्हटलं, गप्प राहा, मला फसवू नकोस. दवाखान्याच्या पायरीवर तो ओकला आणि वास चारी दिशांना गेला. तिथेच उभ्या असलेल्या शिपायाने नाव लिहून घेतलं. आता त्याची तारीख आहे, आणि तांडा मला दारात उभं करत नाही. जमनाबाई तेवढी करते. तिला काही माहीत नाही म्हणून.

खरं बोलणाऱ्याला हाकललं आणि खरं बोलणाऱ्याला दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा मी फक्त माझं स्वतःचंच ऐकलं.

मैनाबाई


बोरी अरब, २१ ऑक्टोबर १९६२

सुखी,

लालसिंग गेल्याला सहा महिने झाले. दुसरा झटका आला तेव्हा तू जवळ होतीस, म्हणजे मी नवीन सांगावं असं काही नाही. मी तांड्याच्या कडेला बाभळीखाली उभी होते. तू माझ्याकडे चालत आलीस. सात वर्षांनी. मी काय म्हणायचं ते सात वर्षं घोकत होते. तू माझा हात हातात घेतलास आणि मी काही बोलणार तोच मला कळलं, तू नाडी बघते आहेस. घड्याळाकडे नजर होती तुझी. मग म्हणालीस, "बाई, दाब तपासून घ्या." ओळीतल्या पुढच्या रोग्याला म्हणतात तसं. आणि गेलीस.

तपासला. फार आहे. सर्पगंधेच्या गोळ्या घेते, बरं वाटलं तरी घेते. लोणच्याची बरणी नंदाबाईंना देऊन टाकली. तंबाखू मी कधी खाल्ली नाही. सगळं पाळते. परवा सकाळी पेपर वाचताना डाव्या हाताची बोटं झोपल्यासारखी झाली आणि चष्म्याची दांडी सापडेना. किती मिनिटं ते पाहिलं नाही. ओसरीवर मी एकटीच असते. मी काय म्हणाले, नीट म्हणाले की नाही, हे ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं होतं. तुझ्या पत्रात तसं आहे. मी आज हे पत्र लिहीत बसले आहे. उद्याची मोटार नऊला आहे, बघते.

तुला लिहायचं कारण वेगळं आहे. शाळेत शुद्धलेखनाचे नवे नियम आले आहेत. नवीन मोठ्या बाईंनी मला दाखवायला आणले, चिडवायलाच आणले असणार. शब्दाच्या शेवटी आता दीर्घच लिहायचं. कवी दीर्घ, गुरू दीर्घ. मी यादी खाली वाचत गेले. वायू दीर्घ.

म्हणजे तू बरोबर होतीस. माझ्या चार वर्षं आधीच बरोबर होतीस.

तुझं ते पत्र सोबत परत पाठवते आहे, ते तुझं आहे. वायूभोवतीचं वर्तुळ खोडलं आहे आणि उद्गारचिन्ह खरवडून काढलं आहे, कागद थोडा फाटला. खालचा शेराही खोडला.

मीठ मात्र नव्या नियमातही दीर्घच आहे. ते वर्तुळ तसंच ठेवलं आहे. सबंध पत्रात तेवढं एक माझं बरोबर होतं.

मैनाबाई